डाओच्या चोरास, सा. न. वि. वि.

महाशय,

आपलं १८ जून २०१६ रोजीचं खुलं पत्र पोहोचलं. उत्तराला उशीर झाला खरा, पण आपला पत्ताच मिळेना. लॉरा शिन या पत्रकार बाईंनी २०२२ साली एका गृहस्थांकडे बोट दाखवलं, त्या गृहस्थांनी हात झटकले, आणि आपण पुन्हा बेपत्ता. म्हणून हे उत्तरही उघड्यावरच ठेवतो आहे. आपण ते शेवटपर्यंत वाचाल याची खात्री वाटते. दुसऱ्यांनी लिहिलेलं शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची आपली चिकाटी जगजाहीर आहे. तिच्याच जोरावर तर आपण श्रीमंत झालात.

सर्वप्रथम अभिनंदन. चोराच्या उलट्या बोंबा आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. पण माल लांबवल्याच्या दुसऱ्याच दिवशी चोरानं जाहीर नोटीस काढावी, ३६,४१,६९४ ईथर ही आपली हक्काची कमाई असल्याचं सांगावं, आणि तिला हात लावणाऱ्यावर कायदेशीर कारवाईची धमकी द्यावी, एवढी प्रगती आपल्यामुळेच पाहायला मिळाली. नोटिशीखाली डिजिटल सहीसुद्धा होती. ज्यांनी ती तपासली त्यांना ती जुळली नाही, हा भाग वेगळा. म्हणजे कदाचित ते पत्र आपलं नसेलही. कोणी तरी आपल्या नावावर खपवलं असेल. तसं असल्यास चोराचं नाव चोरणाऱ्या त्या गृहस्थांनी हे उत्तर आपल्यालाही लागू समजावं.

हे पत्र इतरही वाचतील, म्हणून थोडा पूर्वेतिहास सांगतो. आपल्याला तो तोंडपाठ असणार, तेवढा वेळ चहा घ्या.

मिट्वाइडा नावाच्या जर्मन गावातल्या स्लॉकइट या छोट्या कंपनीनं एप्रिल २०१६च्या अखेरीस इथेरियम या ब्लॉकचेनवर (तिचं चलन ईथर) 'द डाओ' उभा केला. संचालक नाहीत, ऑफिस नाही, शिक्का नाही, फक्त कोड. लोकांनी ईथर टाकायचे, बदल्यात टोकन घ्यायचे आणि कुठल्या प्रकल्पात पैसे घालायचे ते मतदानानं ठरवायचं. महिन्याभरात सुमारे १५ कोटी डॉलरचे ईथर जमले. तेव्हा जगात असलेल्या एकूण ईथरपैकी हे जवळजवळ १४ टक्के. अटींमध्ये स्वच्छ लिहिलं होतं की शेवटचा शब्द कोडचा. बाकीची सगळी वर्णनं निव्वळ समजुतीसाठी. हजारो लोकांनी ही अट मान्य केली आणि माझ्या अंदाजानं त्यातल्या एकानंच ती मनावर घेतली. ते आपण.

कोडमध्ये आपल्याला सापडलेली चूक तशी साधीच. बँकेतला कॅशियर आधी नोटा हातात ठेवतो आणि वहीत वजावट नंतर मांडतो, असं समजा. तो वहीकडे वळायच्या आत आपण तीच स्लिप पुन्हा पुढे सरकवता. वहीत शिल्लक अजून पुरी दिसते, म्हणून तो बिचारा पुन्हा नोटा मोजतो. पुन्हा स्लिप, पुन्हा नोटा. १७ जूनला आपण हे काही तास चालवलंत आणि पाच-सहा कोटी डॉलरचा ऐवज मूळ डाओतून फुटून निघालेल्या आपल्या उप-डाओत जाऊन पडला. कॉर्नेल विद्यापीठाचे एमिन ग्युन सिरर, व्लाद झाम्फिर आणि डिनो मार्क या तिघांनी मेअखेरीसच सांगितलं होतं की डाओच्या रचनेत खोट आहे, तूर्त थांबा. थांबतंय कोण? सिरर यांचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहेत.

आपल्या एका अडचणीचा मात्र मला मनापासून खेद वाटतो. उप-डाओतून रक्कम बाहेर काढायला कोडनंच सुमारे २७ दिवसांची मुदत घातली होती. कोड हाच कायदा मानणाऱ्याला कायद्यानं असं ताटकळत ठेवावं! या २७ दिवसांत जे घडलं त्याबद्दल हे पत्र आहे. आपण ईथर किती नेलेत हे आता इतिहासाच्या पुस्तकात गेलं. आपल्यामुळे इथेरियमवाल्यांनी जे शिकून घेतलं, त्याचा हिशेब अजून कोणी नीट मांडलेला नाही.

पहिल्या दिवशी तर नुसती धांदल. स्लॉकइटच्या मंडळींनी लोकांना आवाहन केलं की नेटवर्कवर फालतू व्यवहारांचा मारा करा, म्हणजे चोराचा वेग तरी मंदावेल. त्याच दिवशी इथेरियमचे जनक विटालिक ब्युटेरिन यांनी प्रस्ताव मांडला: सॉफ्ट फोर्क करू. म्हणजे नियम थोडे आवळायचे. डाओ किंवा त्याच्या कुठल्याही उप-डाओतली शिल्लक कमी करणारा व्यवहार ज्या ब्लॉकमध्ये असेल तो ब्लॉक मायनरांनी, म्हणजे ब्लॉक बनवणाऱ्यांनी, मोजायचाच नाही. आपले ईथर आपल्याच खात्यात राहतील, पण जन्मभर हलणार नाहीत. दिसायला हा प्रोटोकॉलमधला छोटासा बदल. प्रत्यक्षात ती एक काळी यादी होती आणि तिच्यात पहिलं नाव आपलं होतं.

आपलं एकट्याचं मात्र नाही. यादी माणसाची नव्हती, कोडच्या ठशाची होती. तो ठसा आपल्या उप-डाओचा तसाच मूळ डाओचा आणि त्यातून रीतसर वेगळं झालेल्या प्रत्येकाचा. चोर सोडून संन्याशाला फाशी अशी म्हण आमच्याकडे आहे. इथे चोर आणि संन्यासी दोघांनाही एकाच दोरानं बांधून ठेवायची सोय होती. मग संन्याशांना नंतर सोडवायचं कसं? त्यासाठी काही मोजके पत्ते यादीतून वगळायचे. ते पत्ते कोण ठरवणार, हे विचारण्याइतकी फुरसत त्या आठवड्यात फारशी कोणाला नव्हती.

आता मतदान. २४ जूनला इथेरियम चालवणाऱ्या गेथ या क्लायंटची १.४.८ ही आवृत्ती आली आणि हात वर करायची पद्धत ठरली. तिचं कौतुक आपण तरी केलंच पाहिजे. एका ब्लॉकमध्ये किती काम मावावं याची मर्यादा, म्हणजे गॅस लिमिट, तेव्हा ४७,१२,३८८ होती. (ही संख्या पायच्या दीडपटीवरून घेतलेली, संगणकवाल्यांना इतिहास घडवतानाही असले विनोद सुचतात.) प्रत्येक ब्लॉक बनवणारा ही मर्यादा आधीच्या ब्लॉकच्या एक हजार चोविसाव्या भागाइतकी वर-खाली करू शकतो. ज्याला सॉफ्ट फोर्क हवा त्यानं ती खाली ढकलत राहायची. १८,००,००० क्रमांकाच्या ब्लॉकला मर्यादा चाळीस लाख किंवा त्याखाली आली, तर ठराव मंजूर. नेटवर्कमध्ये प्रत्येकाच्या व्यवहाराला असलेली जागा आकसत नेऊन मतं मोजायची ही रीत आहे. ज्याला डाओशी काडीचं देणंघेणं नव्हतं त्याच्याही वाट्याची जागा कमी होणार होती. मत देणाऱ्याला त्याची झळ नाही, न देणाऱ्याला मात्र आहे.

आणि मत कोणाचं? मायनिंगची यंत्रं हजारो लोकांच्या घरी आणि गोदामांत; ब्लॉकवर काय लिहायचं ते ठरवतो ती यंत्रं ज्या पूलला जोडलेली असतात त्याचा चालक. काही पूलांनी आपल्या सभासदांना विचारलं, हे त्यांच्या पदरात घालायलाच हवं. पण न विचारताही चाललं असतं, कारण ब्लॉकवर उमटणारी खूण चालकाच्या हाताची. आणि ज्या हातानं होकाराची खूण उमटते, त्याच हातानं एखाद्याचा व्यवहार ब्लॉकमधून गाळता येतो. आपल्या प्रकरणात या दोन्ही गोष्टी एकच होत्या: होकार द्यायचा तो गाळण्यालाच.

आपणही गप्प बसला नाहीत. आपल्या नावानं (सहीची खात्री पुन्हा नाहीच) कोणी तरी जाहीर केलं की सॉफ्ट फोर्कला साथ न देणाऱ्या मायनरांमध्ये दहा लाख ईथर आणि १०० बिटकॉइन वाटण्यात येतील. निवडणुकीच्या आदल्या रात्री पाकिटं वाटणाऱ्यांना हे वाचून गहिवरून आलं असतं. फरक एवढाच की आपलं पाकीट चोरीच्या पैशांतूनच भरायचं होतं, आणि ते पैसे तर गोठवले जाणार होते.

या सगळ्या गदारोळात आपल्याला वाचवलं कोणी? तत्त्वानं नाही. एवढ्या मोठ्या मंडळींपैकी कोणी कळकळीनं उभं राहून म्हणालं की अहो, आज चोराचा व्यवहार गाळाल, उद्या कोणाचा गाळाल, आणि त्यामुळे बेत रद्द झाला? तसं काही घडलं नाही. म्हणणारे होते, पण त्यांच्यामुळे काही अडलं नाही. अडलं ते एका तांत्रिक भोकावर. २८ जूनला सिरर आणि त्यांचे दोन सहकारी यांनी दाखवून दिलं की या गाळणीचा कोणीही गैरफायदा घेऊ शकेल. एखादा व्यवहार डाओला शिवतो की नाही, हे तो चालवून पाहिल्याशिवाय मायनरला कळत नाही. तेव्हा भरपूर गणितं करायला लावणारा व्यवहार पाठवायचा आणि शेवटच्या पायरीवर डाओला हात लावायचा. मायनर सगळं काम उपसणार, शेवटी यादीतलं नाव पाहून व्यवहार फेकून देणार, आणि फेकून दिला म्हणजे फीही नाही. एरवी फसलेल्या व्यवहाराचीसुद्धा गॅसची किंमत चुकवावी लागते. इथे सगळंच फुकट. असे व्यवहार लाटेसारखे पाठवले की मायनर फुकटच्या कामात गाडला जाणार.

हे कळताच मतदान उलटं फिरलं आणि सॉफ्ट फोर्क बारगळला. सुंठीवाचून खोकला गेला. पण महाशय, खोकला कशानं गेला याची नोंद ठेवायला हवी. सेन्सॉरशिप नको म्हणून सेन्सॉरशिप टळली नाही. ती महाग पडते म्हणून टळली. उद्या कोणी ती स्वस्त करून दिली तर?

पुढचं आपल्याला पुरतं झोंबलेलं आहे. २० जुलै २०१६ला १९,२०,००० क्रमांकाच्या ब्लॉकवर हार्ड फोर्क झाला. डाओचे आणि आपले ईथर उचलून एका परतफेडीच्या खात्यात टाकले आणि टोकनवाल्यांना शंभराला एक या हिशेबानं परत मिळाले. फोर्कपासूनच्या दहा ब्लॉकांवर 'डाओ-हार्ड-फोर्क' अशी अक्षरं कोरणं सक्तीचं होतं. हात वर करणं इथे ऐच्छिकही राहिलं नाही. ज्यानं खूण उमटवली नाही त्याचा ब्लॉक या साखळीत नाहीच. त्याआधी ईथरवाल्यांचा कौल घेतला होता: ८७ टक्के बाजूनं. मत देणाऱ्यांकडचे ईथर एकुणांपैकी साडेपाच टक्क्यांच्या आसपास, ही बाब आकडा सांगणारे सहसा पुढच्या वाक्यात सांगतात, आणि पुढचं वाक्य सहसा राहून जातं.

इथे मला एक कबुली द्यायची आहे, आणि ती आपल्याला आवडणार नाही. त्या हार्ड फोर्कबद्दल माझी फारशी तक्रार नाही. इतिहासावर खाडाखोड झाली, हे खरं. पण ती दिवसाढवळ्या झाली. ज्याला मान्य नव्हतं त्यानं जुना क्लायंट चालू ठेवला आणि जुनी साखळी जिवंत राहिली. इथेरियम क्लासिक ती हीच. तिच्यात आपले छत्तीस लाख आपल्याच नावावर राहिले आणि त्यातले काही बिटकॉइनमध्ये बदलून घ्यायलाही आपण विसरला नाहीत. हार्ड फोर्कला नाही म्हणायची सोय सामान्य माणसाला होती. सॉफ्ट फोर्कला ती नसते. मायनरांच्या बहुमतानं यादी लागू केली की जुना क्लायंट चालवणाऱ्याला काही दिसतही नाही. त्याचं यंत्र सगळं ठीक असल्याचं सांगत राहतं. फक्त कोणाचे तरी व्यवहार ब्लॉकमध्ये कधीच येत नाहीत. जो बदल सौम्य म्हणून पुढे केला होता तोच जास्त धोक्याचा, आणि ज्याला अतिरेक म्हणून नाकं मुरडली तो निदान उघडा.

आपल्यावर माझा आरोप आहे तो याच जागी. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. डाओ मेला त्याचं मला दुःख नाही; ती म्हातारी जन्मतःच आजारी होती. पण त्या दहा-बारा दिवसांत बऱ्याच सभ्य, हुशार, सद्हेतू असलेल्या माणसांना एक गोष्ट कळून चुकली: पुरेसा नीच चोर समोर ठेवला की व्यवहार गाळण्याच्या ठरावाला हात भराभर वर जातात. आपण नसता तर ही परीक्षा घ्यायला आणखी कोणी तरी यावं लागलं असतं. आपण घरपोच सेवा दिलीत.

काळ सोकावला त्याचा हिशेब थोडक्यात देतो. मे २०२१मध्ये अमेरिकेतल्या मॅरेथॉन या कंपनीच्या पूलनं बिटकॉइनचा पहिला 'स्वच्छ' ब्लॉक काढला. अमेरिकी निर्बंधांच्या यादीतले पत्ते त्यातून चाळून वगळलेले. ओरड झाली आणि महिना संपता संपता कंपनीनं गाळणी बंद करायचं ठरवलं. त्याच घोषणेत ती हेही म्हणाली की आता आमचे ब्लॉक टॅपरूट या सुधारणेला होकाराची खूण देतील. महिन्याच्या सुरुवातीला व्यवहार गाळणारा हात आणि शेवटाला सुधारणेसाठी वर गेलेला हात एकच, आणि दोन्ही वेळा विचारलं कोणाला, तर स्वतःलाच.

नोव्हेंबर २०२३मध्ये एफटूपूलच्या ब्लॉकांतून निर्बंधित पत्त्यांचे काही व्यवहार गायब असल्याचं एका टोपणनावी डेव्हलपरनं दाखवून दिलं. सहसंस्थापक वांग चुन यांनी गाळणी असल्याचं मान्य केलं आणि समाजाचं या विषयावर अधिक व्यापक एकमत होईपर्यंत ती बंद ठेवतो असं सांगितलं. एकमत होईपर्यंत! म्हणजे पुरेसे हात वर गेले की पुन्हा चालू. हे वाचताना आपली आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

आणि इथेरियम? ८ ऑगस्ट २०२२ला अमेरिकेच्या अर्थखात्यानं व्यवहारांचा माग पुसणाऱ्या टोर्नेडो कॅश या इथेरियमवरच्या कोडवर बंदी घातली. कारण काय, तर उत्तर कोरियाच्या लझारस टोळीनं चोरीचे पैसे तिथून धुतले. चोर खराच होता, आपल्यासारखाच. आणि यादी पुन्हा माणसांची नव्हे, कोडच्या पत्त्यांची. ते कोड चोरानं वापरलं तसं सज्जनांनीही. खुद्द ब्युटेरिन यांनी सांगितलं की युक्रेनला देणगी देताना आपण ते वापरलं होतं. सहा वर्षांपूर्वी कोडच्या ठशावर यादी बांधायचं त्यांनीच सुचवलं होतं, हे त्या क्षणी त्यांना आठवलं की नाही, मला विचारायचं धाडस नाही.

या वेळी मतदानही लागलं नाही. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमवरून मायनर गेले आणि ईथर स्टेक करून (तारण ठेवून) ब्लॉक बनवणारे व्हॅलिडेटर आले. तयार ब्लॉक व्हॅलिडेटरांपर्यंत पोहोचवण्याचं काम रिले नावाच्या मोजक्या मध्यस्थांकडे एकवटलं आणि त्यांतल्या मोठ्यांनी यादी मुकाट्यानं लावून घेतली. नोव्हेंबर २०२२मध्ये एक वेळ अशी आली की दर शंभर ब्लॉकांपैकी ७९ अमेरिकी यादीबरहुकूम होते. उरलेल्या एकवीसमधून व्यवहार जात राहिले, थोडे रेंगाळत. सॉफ्ट फोर्कसारखी इथे सक्ती नव्हती: यादीतला व्यवहार गाळणाऱ्यावर दुसऱ्यांचे ब्लॉक नाकारायची जबाबदारी नव्हती; त्यानं फक्त स्वतःच्या ब्लॉकमध्ये तो घ्यायचा नाही. एवढीच सुधारणा झाली आणि सेन्सॉरशिप स्वस्त झाली.

शेवटी सोडवलं अमेरिकेच्या कोर्टानं. नोव्हेंबर २०२४मध्ये पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाच्या न्यायाधीशांनी ठरवलं की जे कोड कोणालाच बदलता येत नाही ते कोणाची मालमत्ता नाही, म्हणून या कायद्याखाली त्याच्यावर बंदी घालता येत नाही. मार्च २०२५मध्ये टोर्नेडो कॅश यादीतून निघालं. कोडचा मान राखायला काळा झगा घातलेली माणसं लागली, हे आपल्यासारख्या कोडच्या कडव्या भक्ताला कसं वाटलं असेल?

तेव्हा माझा निकाल असा. चोरीच्या कलमाखाली आपलं काय करायचं ते ज्यांना आपण सापडाल त्यांनी बघावं. पण यादीच्या कलमाखाली आपण एकटे आरोपी नाही. आपल्या शेजारी जून २०१६मध्ये गॅस लिमिट खाली ढकलणारा प्रत्येक पूलचालक उभा आहे, आणि त्याची शिक्षा आपल्यापेक्षा जास्त असायला हवी. आपण निदान पहारेकरी असल्याचा आव तरी आणला नाहीत, त्यानं तो आणला.

आणि हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांना विनंती. आपलं यंत्र एखाद्या पूलला जोडलेलं असेल किंवा ईथर कोणामार्फत स्टेक केलेले असतील, तर त्यांना लेखी विचारा: माझ्या नावावर कशाकशाला होकार देता, आणि ब्लॉकमधून कोणाकोणाला गाळता? उत्तर टाळलं तर दुसरा पूल शोधा. यंत्राचा पूल बदलायला काही मिनिटं पुरतात.

कळावे.

आपला,
डाओचा एकही टोकन न घेतलेला एक वाचक